पाबळची वाटचाल, तिसगावच्या नजरेतून

हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग 1983 साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि विज्ञान आश्रम सुरू झाला. पाबळ तेव्हा दुष्काळी गाव होतं, आमचं तिसगाव ज्या पाथर्डी तालुक्यात आहे त्याच्यासारखंच. पुस्तकात न रमणारी मुलं हाताला काम मिळालं की झपाट्याने शिकतात, यावर कलबागांचा पक्का विश्वास होता. नापास होऊन घरी बसलेल्या मुलांना त्यांनी आधी बोलावलं.

तिथली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. विहिरीची जागा ठरवायला मुलं शेतात चार लोखंडी सळया एका रेषेत, सारख्या अंतरावर ठोकत. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळयांमधला विद्युतदाब मोजायचा, मग सळयांमधलं अंतर वाढवत पुन्हा मोजायचं. अंतर वाढेल तसा जास्त खोलीचा अंदाज येतो. ओलसर, झिजलेला खडक विजेला कमी अडवतो, कोरडा कातळ जास्त. ओहमचा नियम आणि आलेखाचा कागद असे थेट शेतकऱ्याच्या बांधावर पोचले. चुकलं तर शेतकऱ्याचे पैसे मातीत जाणार, म्हणून आकडा जपून लिहायची सवय आपोआप लागली.

यातूनच शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस शेती-पशुपालन, वेल्डिंग-बांधकाम, वीज, स्वयंपाक-आरोग्य अशी कामं करायची. शिकवायला निदेशक म्हणून गावातलेच जाणकार. राज्य मंडळाने या विषयाला मान्यता दिली. भूकंपानंतर लातूर भागात उभी राहिलेली घुमटाकार घरं हीसुद्धा पाबळचीच देणगी.

डिजिटल यंत्रं आली ती यानंतर. अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने 2002 मध्ये पाबळला फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांची कार्यशाळा, सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. संगणकावर रेखाटलेला भाग यंत्रावर कापून हातात घेता येऊ लागला. पुढच्याच वर्षी कलबाग गेले. काम मात्र सुरूच राहिलं.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो: आधी गरज, मग हात, मग संगणक. नुसता डिजिटल फळा भिंतीवर लावला तर मुलं बघ्याच्या भूमिकेतच राहतात. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, गावच्या कारागिरांसोबत घालवायची सूचना आहे. तिसगावसारख्या मोठ्या रस्त्यावरच्या बाजारगावात त्यासाठी लांब जावं लागू नये. वेल्डिंगवाले, मोटार भरणारे, सुतार यांना शाळेने सन्मानाने बोलवावं, त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा आणि पहिलं काम शाळेच्याच मोडक्या बाकांचं काढावं.