नकटीची सतराशे विघ्नं

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ही म्हण मी तीस वर्षं वर्गात मुलांना समजावून सांगितली. इतिहास हा माझा मुख्य विषय, पण खेड्यातल्या शाळेत मराठीचे तासही वाट्याला येतातच. त्या म्हणीचा खरा अर्थ मात्र मला निवृत्तीनंतर कळला. कारण आमच्या घरी खरोखरच एक नकटी होती आणि २०१८ साली मी तिला पुन्हा उभं करायचं मनावर घेतलं.

ही नकटी म्हणजे १९६७ सालची महिंद्रची एफसी-१५० पिकअप. जीपसारखं लांब नाक तिला नाही. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो आणि समोर काच की लगेच रस्ता. आईनं तिला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, तेच कायम झालं. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, १९७६ साली ती एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. वीस वर्षं तिनं निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यातून लासलगावच्या बाजारात कांदा वाहिला. लग्नाची वऱ्हाडं नेली, गणपती नेले, बाळंतिणी नेल्या. १९९६ साली ती कडुनिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. अण्णा २००९ मध्ये गेले. मग धाकटा भाऊ पुण्याहून आला की एकच विषय असे : "दादा, भंगारवाला किलोवर घेतोय, देऊन टाकू." गाडी दोघांची, त्यामुळे मला नुसतं नाही म्हणून भागत नव्हतं. म्हटलं, चालू करून दाखवतो. नाही झाली तर तुझं खरं.

आता तुम्ही म्हणाल, एका जुन्या मालगाडीत एवढं काय आहे? मलाही आधी तसंच वाटत होतं. पण हात काळे करता करता मी तिची वंशावळ शोधू लागलो, आणि लक्षात आलं की पिकअप नावाची गोष्टच मुळी कारखान्यात नव्हे, घरच्या अंगणात जन्मली आहे.

हेन्री फोर्डची मॉडेल टी ही मोटार १९०८ साली आली. ती घेणाऱ्यांत अमेरिकन शेतकरी मोठ्या संख्येनं होते. शेतकऱ्याला माणसं बसवण्यापेक्षा धान्याची पोती आणि दुधाचे कॅन न्यायची गरज जास्त. त्यानं काय केलं, मागची बाजू काढली आणि तिथं लाकडी खोका ठोकला. गावोगावचे सुतार-लोहार असे खोके बनवू लागले. फोर्डनं १९१७ साली एक टन वजन पेलणारी मॉडेल टीटी ही चॅसी काढली, तीही नुसता सांगाडा. वरची बॉडी ज्याची त्यानं करून घ्यायची. अखेर १९२५ साली कारखान्यातून तयार पिकअप बाहेर पडली. मागे लोखंडी खोका, उघडणारा फाळका आणि वजनासाठी भक्कम पाटे. किंमत २८१ डॉलर. म्हणजे शेतकऱ्यांनी पंधरा-सोळा वर्षं आपल्या हातानं जे केलं, त्याची कारखान्यानं नक्कल केली.

आमच्या नकटीची दुसरी आजी म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ मध्ये, आपल्याकडे महिंद्र अँड मोहम्मद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं आणि मुंबईत माझगावला अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून विलीज जीप तयार होऊ लागली. फाळणीचा धडा शिकवताना हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

एफसी-१५० ही विलीजनं १९५६ च्या अखेरीस ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात बाजारात आणली. तिचा आकार ब्रूक्स स्टीव्हन्स या नामांकित डिझायनरनं बेतलेला. कल्पना साधी होती. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जीपइतकंच, ८१ इंच. पण नाक कापून ड्रायव्हरला इंजिनाच्या बाजूला, वर बसवलं. त्यामुळे जेमतेम सव्वाबारा फूट लांबीच्या गाडीत सहा फुटांहून लांब हौदा मिळाला. अरुंद वाटेवर, बांधावर, बाजारातल्या गर्दीत याचा फायदा केवढा, ते कांदा विकणाऱ्याला विचारा. दोष एकच : सगळं वजन पुढे. गाडी रिकामी असताना मागची बाजू हलकी पडे, म्हणून तिकडच्या कारखान्यात मागे लोखंडी वजन बसवत. अण्णांनी टोलेडोचं नावही ऐकलं नसेल, पण परतीच्या वाटेवर ते हौद्यात वाळूची दोन पोती टाकल्याशिवाय निघत नसत. अमेरिकेत ज्या सुमारास ही गाडी बंद होत आली, त्याच सुमारास, १९६५ मध्ये, महिंद्रनं ती इथं बनवायला घेतली.

असो. तर माझी विघ्नं. पहिलं विघ्न गाडीखालचं. पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले, ब्रेकचे ड्रम निघेनात. आमच्या मेस्त्रींनी डिझेल आणि हातोडा घेऊन चार दिवस एका चाकाशी झुंज दिली. पण ब्रेक, पाटे, ॲक्सल हा सगळा जीपचाच गोतावळा, त्यामुळे हिंडून-फिरून भाग मिळाले. अडलं ते किरकोळ गोष्टींपाशी. दाराची मूठ, काचेचं रबर, केबिनचा गोल वळलेला पत्रा. हे कुठल्याच दुकानात नाही. मूठ शेवटी मेस्त्रींनी लोखंडी सळईची घडवली. खालचा सडलेला पत्रा कापून नवा वेल्डिंग केला, ठोकून-ठोकून गोलाई आणली. एका कोपऱ्यासाठी त्यांनी तीन वेळा पत्रा फुकट घालवला आणि मजुरी एकाच वेळची घेतली.

दुसरं विघ्न रंगाचं. रंग खरवडायला घेतला आणि मी थबकलो. एकाखाली एक थर निघत होते. सगळ्यात वर विटलेला पिवळा. त्याखाली अण्णांचा आवडता निळा, त्यावर पेंटरनं काढलेलं "आई सप्तशृंगी प्रसन्न". त्याखाली पुन्हा एक निळा, आणि तळाशी सरकारी राखाडी, त्यावर खात्याच्या नावाची अर्धी पुसलेली अक्षरं. उत्खननात मातीचे थर वाचतात, तसा मी हौद्याची बाजू वाचत बसलो. सीटच्या खाली कांद्याच्या काटापट्ट्यांचा गठ्ठा सापडला. काही उंदरांनी खाल्लेल्या, काहींवर अण्णांचे पेन्सिलीचे हिशेब.

मग खरा वाद सुरू झाला. माझा हट्ट होता की गाडी अस्सल करायची, कारखान्यातून निघाली तशी. पुतण्याचा हट्ट वेगळा. तो म्हणाला, "काका, एवढा खर्च करताय तर जरा भारी करू. रुंद टायर टाकू, उंची वाढवू, टपावर दिवे लावू, काळा मॅट रंग देऊ." मी चिडलो. मेस्त्री पाना पुसत ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, "सर, अस्सल म्हणजे कोणती? कंपनीतून निघाली ती, सरकारनं वापरली ती, का अण्णांनी चालवली ती?"

मला उत्तर देता येईना. कारण अण्णांनी या गाडीत काय बदललं नव्हतं? पोती जास्त मावावीत म्हणून बाभळीच्या फळ्या ठोकून हौद्याची उंची वाढवली होती. वऱ्हाडासाठी बाकडी अडकवायचे हुक लावले होते. गणपतीत कर्णा बांधायला टपावर पाइप होता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, इंजिनच बदललं होतं. मूळ इंजिन २.२ लिटरचं, चार सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत जगात खनिज तेलाचे भाव चौपट झाले. पेट्रोलवर कांदा वाहणं म्हणजे कांद्यानं डोळ्यात पाणी आणण्याआधी पंपावर रडणं. त्यामुळे तेव्हा गावोगावच्या गॅरेजांत पेट्रोलच्या गाड्यांना डिझेल इंजिनं बसवायचा धंदा जोरात होता. अण्णांनीही १९८१ साली जुन्या मॅटाडोरचं डिझेल इंजिन आणलं, त्यासाठी फाउंडेशन कापून नव्यानं वेल्ड केलं आणि आरटीओत नेऊन आर.सी. बुकात तशी नोंद करून घेतली. नवं इंजिन उंच, म्हणून दोन सीटांमधलं झाकण चार बोटं वर उचललं. त्या झाकणावर बसायची जागा धाकट्या भावाची. थंडीत बरं वाटे, पण उन्हाळ्यात गुडघा भाजल्याचा डाग अजून त्याच्या पायावर आहे. गाडी भंगारात घालायच्या त्याच्या उत्साहामागे हेही एक कारण होतं!

जुनं देऊळ बघायला जातो तेव्हा गाभारा हेमाडपंती, सभामंडप पेशवाईतला आणि फरशी परवाची असते. म्हणून आपण सभामंडप पाडा म्हणतो का? मग अण्णांची फळी काढून फेकायचा अधिकार मला कुठून आला? उलट, अमेरिकन शेतकऱ्यानं मॉडेल टीवर ठोकलेला खोका आणि अण्णांनी ठोकलेली बाभळीची फळी यांचं नातं सख्खं होतं.

कायद्याचं मात्र असं नाही, आणि त्याचीही बाजू समजून घेतली पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावून सांगितलं की कारखान्यानं ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनमानी बदल करता येणार नाहीत. रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाचा प्रश्न असतो, ते योग्यच. पुतण्याच्या रुंद टायरांचा निकाल तिथंच लागला. पण दोन वर्षांनी माझाही लागला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. मी आनंदानं वाचायला घेतले. नकटीची पन्नाशी २०१७ मध्येच उलटली होती. पण नियम दुचाकींसाठी आणि प्रवासी मोटारींसाठी. मालवाहू गाडीला त्यात जागा नाही. शिवाय चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा.

मला यात इतिहासाची एक जुनी खोड दिसली. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस जपल्या जातात, कारण त्या फारशा वापरल्याच गेल्या नाहीत. जी गाडी रोज राबली ती बदलत गेली, आणि बदलली म्हणून ती वारसा ठरत नाही. राजवाडा जपायचा आणि मोट, पाभर, पिकअप भंगारात द्यायची. मग शंभर वर्षांनी कुणी विचारलं की १९८० साली लासलगावला कांदा कसा येत होता, तर दाखवणार काय?

शेवटी आम्ही तिघांनी तह केला. इंजिन अण्णांचं मॅटाडोरचंच ठेवलं. लाइनर, पिस्टन आणि नोझल नवे. फळ्या, हुक, कर्ण्याचा पाइप राहिले. रंग निळा. फक्त हौद्याच्या डाव्या बाजूचा हातभर तुकडा खरवडलेला तसाच सोडून वर पारदर्शक लॅकर मारला, म्हणजे राखाडीपासून पिवळ्यापर्यंत सगळे थर दिसतात. पुतण्यालाही काहीतरी द्यायला हवं होतं. त्यानं इंजिनाच्या झाकणाला आतून उष्णतारोधक कापड लावलं. पन्नास वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं! नकटीच्या इतिहासातला तो त्याचा थर.

२०२२ च्या एप्रिलमध्ये ती सुरू झाली. कागद संपलेले, त्यामुळे डांबरी रस्त्यावर ती जात नाही आणि मी नेतही नाही. आमच्याच मळ्यात, वाफ्यापासून कांद्याच्या चाळीपर्यंत तिची ये-जा, तीही हंगामापुरती. पहिल्या फेरीला धाकटा भाऊ पुण्याहून आला होता. भंगारवाल्याचा विषय त्यानं काढला नाही. पोती चढवून झाली तसा तो केबिनमध्ये शिरला, झाकणावर हात ठेवून तापलंय का पाहिलं आणि अंग चोरून आपल्या जुन्या जागेवर बसला. येताना गाडी रिकामी होती. तो मागे वळून म्हणाला, "दादा, वाळूची पोती विसरलास."

खरंच विसरलो होतो. थांबलो आणि दोघांनी मिळून ती चढवली.