आड आणि नळ : एका स्वस्त संगणकाच्या निमित्तानें

(नभोवाणीवरील भाषण)

नव्या यंत्राविषयीं जुन्या माणसानें बोलूं नये असा एक समज आहे, आणि तो अगदींच निराधार नाहीं. पण ज्याचें आयुष्य मुलांना इतिहास शिकविण्यांत गेलें, त्याला कोणतीहि नवी वस्तु दिसली कीं प्रथम तिचें कूळ विचारण्याची खोड असते. अशाच एका वस्तूचें कूळ शोधतांना मला जें आढळलें, तें आज आपणांस सांगणार आहें.

गेल्या दिवाळींत माझ्या मुलानें नातीच्या अभ्यासासाठीं एक लॅपटॉप घरीं आणला. ज्यांना क्रोमबुक म्हणतात त्या जातीचा तो. किंमत मध्यम कुटुंबाला झेपेल अशी, आणि पडदा बोटाचा स्पर्श ओळखणारा. नात शाळेंत गेली म्हणजे दुपारीं तो माझ्या ताब्यांत असतो. आमच्या जुन्या संगणकाची कळ दाबून मी चहा ठेवावयास जात असें आणि चहा होईपर्यंत तो जागा होत असे. हें यंत्र मात्र झांकण उघडून चष्मा नाकावर चढवितों न चढवितों तोंच कामाला सिद्ध! पडद्यावर बोट सरकविलें कीं पान सरकतें, दोन बोटें फांकविलीं कीं अक्षर मोठें होतें. साठी उलटलेल्या डोळ्यांना यापरतें सुख कोणतें? पुढें लक्षांत आलें कीं उभ्या पडद्याकडे हात उचलून धरल्यानें खांदा अवघडतो, आणि कांचेवर उमटलेले ठसे पाटी पुसावी तसे वारंवार पुसावे लागतात. त्यामुळें आतां वाचतांना बोट आणि लिहितांना कळफलक अशी मीं वांटणी करून टाकली आहे.

परंतु खरें नवल पुढेंच होतें. माझ्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या एका जुन्या वहींत मीं उतरून ठेवल्या होत्या. वहीला कसर लागली, म्हणून त्या या यंत्रावर लिहून काढण्यास आरंभ केला. चार दिवसांनीं, लिहिलेलें कोठें ठेवलें गेलें तें पाहूं लागलों, तर सांपडेना. नातीला विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "आजोबा, ते इथं नसतंच मुळी!" "मग कोठें असतें?" "वर!" असें म्हणून तिनें छताकडे बोट दाखविलें.

या "वर" चा अर्थ समजून घेण्यास मला दोन दिवस लागले. आकाशाचा येथें कांहीं संबंध नाहीं. दूर कोठें तरी मोठमोठ्या इमारतींतून हजारों संगणक रात्रंदिवस चालत असतात. माझा मजकूर त्यांच्यापैकीं कांहींच्या पोटांत असतो. माझ्या मांडीवरचें यंत्र म्हणजे मुख्यत्वें एक खिडकी. इंटरनेटवरचीं पानें दाखविणारा जो ब्राउझर, त्यालाच या यंत्राचा कारभारी केलें आहे. घरचा सांठा थोडा, म्हणून यंत्र हलकें आणि स्वस्त. तें सुरू होतांना आपली व्यवस्था कोणीं बिघडविली नाहीं ना, हें तपासून पाहतें. आणि उद्यां तें फुटलें, तर दुसऱ्या यंत्रावर आपलें नांव व परवलीचा शब्द घालतांच "वर" ठेवलेले सारे कागद पुन्हा समोर येतात.

हें ऐकून मला आमच्या पुण्यांतील जुन्या वाड्यांची आठवण झाली. वाड्यांत आड असे. पाणी आपलें, दोर आपला, श्रमहि आपलेच. नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी शहरांत आणून हौदांत सोडलें, आणि पुढें घरोघर नळ आले. नळ आला म्हणजे कष्ट वांचतात. मात्र तोटी आपल्या हातीं असली तरी तलाव आपल्या हातीं नसतो. संगणकाच्या इतिहासांतहि हाच झगडा गेलीं साठ-पासष्ट वर्षें चालू आहे. आड कीं नळ?

त्याचा आरंभ १९६१ सालीं सांपडतो. तत्पूर्वीं संगणकाशीं माणसाची गांठ प्रत्यक्ष अशी क्वचितच पडे. आपलें गणित भोकें पाडलेल्या कार्डांवर उतरवून तीं कार्डें आंत द्यावयाचीं आणि उत्तरासाठीं ताटकळावयाचें, असा क्रम होता. आपल्याकडेहि १९६४ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सी. डी. सी. ३६०० हा मोठा संगणक बसला, तेव्हां बाहेरच्या संस्थांचें कामहि त्याच्याकडे येऊं लागलें. १९६१ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कोर्बाटो यांनीं निराळी युक्ति दाखविली. एकाच संगणकानें आपला वेळ क्षणाक्षणाला वांटून अनेकांचीं कामें आळीपाळीनें करावीं. प्रत्येकापुढें टाइपरायटरसारखें एक साधें यंत्र असावें आणि तें तारेनें मुख्य संगणकाशीं जोडलेलें असावें. या यंत्राला स्वतःची बुद्धि नाहीं आणि सांठाहि नाहीं. त्याच वर्षीं त्याच संस्थेच्या शताब्दि-समारंभांत जॉन मॅकार्थी यांनीं सांगितलें कीं, टेलिफोनप्रमाणें संगणनहि एके दिवशीं सार्वजनिक सोय होऊं शकेल. नळाची कल्पना ती हीच.

अनेकांचे कागद एका पेटाऱ्यांत आले कीं कुलूप लागतेंच. म्हणून तेथें परवलीचा शब्द आला. पुढें एकदां दोन व्यवस्थापक एकाच वेळीं काम करीत असतां दोन कागदांची अदलाबदल झाली, आणि दररोजची सूचना जेथें दिसावयाची, तेथें सर्वांचे परवलीचे शब्द येईल त्याच्यापुढें छापले जाऊं लागले! ही फजीती खुद्द कोर्बाटो यांनींच पुढें सांगितली आहे. दुसऱ्याच्या पेटाऱ्यांत आपले कागद ठेवण्याची भीति किती जुनी आहे, हें यावरून ध्यानांत यावें.

स्पर्श ओळखणाऱ्या पडद्याचीहि अशीच कथा. १९६५ सालीं इंग्लंडमध्यें मॅलव्हर्न येथील रडार संशोधन संस्थेंत ई. ए. जॉन्सन यांनीं त्याची कल्पना मांडली. विमानांच्या वाहतुकीवर देखरेख करणाऱ्यांना ती उपयोगी पडावी हा हेतु. पण मला आनंद झाला तो अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाची हकीकत वाचून. तेथें डोनाल्ड बिट्झर यांनीं १९६० पासून "प्लेटो" नांवाची शिकविण्याची योजना चालविली होती. १९७२ च्या सुमारास तिचीं जीं नवीं यंत्रें आलीं, त्यांचा पडदा नारिंगी प्रकाशाचा असे. त्याच्या कडांना सोळा-सोळा अदृश्य किरणांचें जाळें असे, आणि मुलानें उत्तरावर बोट ठेवलें कीं त्या ठिकाणचे किरण अडून उत्तर ओळखलें जाई. सांठा आणि बुद्धि मात्र दूर मुख्य संगणकांत. म्हणजे विद्यार्थी, स्पर्शाचा पडदा आणि दूरचा संगणक हें त्रिकूट माझ्या नातीच्या जन्मापूर्वीं किती तरी वर्षें जमलें होतें! एकच उणें होतें. तें स्वस्त नव्हतें.

त्यानंतर वारें फिरलें. १९७५ सालीं आल्टेअर ८८००, १९७७ सालीं ॲपलचा दुसरा संगणक आणि १९८१ सालीं आय. बी. एम. चा संगणक बाजारांत आला, आणि प्रत्येकाला आपल्या घरीं आड खणतां येऊं लागला. माझें यंत्र, माझा सांठा, माझी किल्ली! या आनंदांत नळ मागें पडला. १९९५-९६ च्या सुमारास ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनीं सांठा नसलेल्या, तारेवर चालणाऱ्या स्वस्त संगणकाचा पुष्कळ पुकारा केला. सन कंपनीनें तशीं यंत्रेंहि काढलीं. परंतु त्या काळच्या टेलिफोनच्या तारा मंदगति, आणि इकडे घरच्या संगणकाची किंमत उतरूं लागलेली. त्यामुळें तो प्रयत्न फसला.

दरम्यान गरीब मुलाच्या हातीं संगणक कसा जावा याचीहि चिंता कांहीं लोक वाहत होते. २००७ सालीं निकोलस नेग्रोपॉण्टी यांच्या "प्रत्येक मुलास एक लॅपटॉप" या योजनेचीं हिरवीं-पांढरीं यंत्रें निघालीं, आणि हिंदुस्थानांत त्यांचा पहिला प्रयोग झाला तो आपल्याच रायगड जिल्ह्यांत, खैरात या लहानशा वस्तीच्या शाळेंत. २०११ सालीं "आकाश" नांवाची स्पर्शाची पाटी सरकारनें विद्यार्थ्यांसाठीं काढली. दोन्ही प्रयत्नांचा हेतु निर्मळ होता. पण त्यांची वेल मांडवावर चढली नाहीं.

नळाला पुन्हा पाणी आलें तें ब्राउझरच्या वाटेनें. टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० सालीं पहिला ब्राउझर लिहिला. २००४ सालीं गूगलनें ब्राउझरांतच चालणारी टपाल-व्यवस्था सुरू केली, २००६ पासून लिहिण्याचीं साधनेंहि तेथें मिळूं लागलीं, आणि २००८ च्या सप्टेंबरांत क्रोम हा वेगवान ब्राउझर आला. मग प्रश्न निघाला कीं, सारें काम खिडकींतच होतें, तर मागें एवढा वाडा कशाला? २००९ सालीं केवळ ब्राउझरभोंवतीं रचलेली व्यवस्था जाहीर झाली. २०११ च्या जूनमध्यें सॅमसंग आणि एसर यांचीं पहिलीं क्रोमबुकें विक्रीस आलीं. २०१३ च्या आरंभीं स्पर्शाचा पडदा असलेलें क्रोमबुक निघालें तें १,२९९ डॉलरांचें. त्याच वर्षाच्या अखेरीस एसरनें तशाच सोयीचें लहान यंत्र २९९ डॉलरांस दिलें. आमच्या पिढीला थक्क करणारी गोष्ट अशी : कोर्बाटो यांच्या प्रयोगांतील संगणकाच्या स्मृतीच्या एका कप्प्यांत ३२,७६८ शब्द मावत, या २९९ डॉलरांच्या यंत्राची २ गिगाबाइटची स्मृति त्या कप्प्याच्या चौदा हजार पटींहून अधिक होती. आणि हें मात्र "गरीब" यंत्र! २०२३ पासून चेन्नईजवळहि क्रोमबुकें तयार होऊं लागलीं आहेत.

कूळ इथपर्यंत सांपडलें. आतां ज्यासाठीं तें शोधलें, त्याकडे वळतों.

ओव्यांचें काम अर्ध्यावर आलें असतां एके दिवशीं मी माझा परवलीचा शब्द विसरलों. चूक सर्वस्वीं माझीच. आदल्याच आठवड्यांत तो बदलून कागदावर टिपून ठेवण्याचा आळस केला होता. दोन दिवस मी कुलूप लावलेल्या दारापुढें बसून होतों. आंत माझ्या आईचे शब्द, आणि बाहेर मी! तिसऱ्या दिवशीं मुलानें आपल्या दूरध्वनीच्या साहाय्यानें कुलूप उघडून दिलें. त्या दोन दिवसांत मला १९६१ साल आठवत होतें. संगणकाचें नव्हे, पुण्याचें.

त्या वर्षीं १२ जुलैला पानशेतचें धरण फुटलें. नदीकांठच्या पेठांतील घरें गेलीं. आमच्या आजोबांच्या कागदांची पेटीहि गेली, हें मी घरांत नेहमीं ऐकत आलों. आपल्या घरांत, आपल्या कुलपांत असलेली वस्तु सुरक्षित असते, हा भ्रम त्या पुरानें धुऊन नेला. पण खडकवासल्याचें धरणहि त्याच दिवशीं फुटल्यामुळें नळ कोरडे पडले, आणि ज्यांच्याकडे कोणी बघत नव्हतें, त्या आडांवर नि हौदांवर पुणेकरांना पुन्हा धांव घ्यावी लागली. एकाच पुरानें दोन्ही धडे दिले. घरची पेटी बुडूं शकते आणि दूरचा नळहि आटूं शकतो.

म्हणून या यंत्राचा मी तिरस्कार करीत नाहीं. स्वस्त किंमतींत मुलांच्या हातीं ग्रंथालय देणारी वस्तु शिक्षकाला अप्रिय कशी होईल? परंतु तें देतांना दोन गोष्टी मुलांना सांगितल्या पाहिजेत. पहिली ही कीं, या यंत्राला मुदत असते. ठराविक काळानंतर त्याच्या व्यवस्थेची दुरुस्ती येणें बंद होतें. २०२३ सालीं गूगलनें ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढविल्याचें जाहीर केलें, तरी मुदत ती मुदतच. थोरल्याची पाटी धाकट्याला पुरे, तसें येथें होईलच असें नाहीं. जुनें यंत्र घेतांना ही तारीख अवश्य पाहावी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जें पुन्हा मिळणार नाहीं, त्याची एक प्रत नळावर आणि एक आपल्या आडांत, अशी ठेवावी. शाळेचा निबंध हरवला तर पुन्हा लिहितां येईल. आईची ओवी कोणाला विचारावयाची?

माझ्या ओव्या परवां पुऱ्या झाल्या. त्या "वर" आहेतच. शिवाय कागदावर छापून, बांधून, एक प्रत मुलाच्या आणि एक बहिणीच्या घरीं ठेवली आहे. कसरीनें खाल्लेली मूळ वही कडुलिंबाचा पाला घालून फडताळांत आहे. नातीनें हसत विचारलें, "आजोबा, एवढ्या प्रती कशाला?" मीं तिला आमच्या जुन्या वाड्याच्या जागीं नेलें. तेथें आतां चार मजली इमारत उभी आहे. मागच्या बाजूला फरशीखालीं आड होता. तो बुजविला तेव्हां कोणी हळहळलें नाहीं, कारण नळाला पाणी होतें. ती जागा दाखवून मीं तिला पानशेतच्या पुराची गोष्ट सांगितली. घरीं आल्यावर तिनें आपल्या चित्रांची वही काढली आणि "यांचीहि एक प्रत करूंया," म्हणाली.