पेव आणि घरापुरती शेती

दख्खनच्या पठारावरील कुणब्याची शेती दीर्घकाळ प्रामुख्याने घरापुरती होती. वर्षाचे धान्य, गुरांची वैरण, पुढील पेरणीचे बी आणि बलुते, म्हणजे सुतार, लोहार, कुंभार आदींना कामाच्या मोबदल्यात खळ्यावरच दिला जाणारा धान्याचा वाटा, एवढे भागावे हा तिचा हिशेब असे. या शेतीला मागास ठरवताना एकरी उताऱ्याचे माप लावले जाते. परंतु अवर्षणाच्या प्रदेशात चांगल्या वर्षी किती पिकले यापेक्षा वाईट वर्षी काय हाती उरले, हा प्रश्न कुटुंबाच्या दृष्टीने अधिक मोलाचा होता.

पुण्याच्या पूर्वेपासून सोलापूरपर्यंतच्या कमी पावसाच्या पट्ट्यात हलक्या रानात खरिपाची बाजरी आणि तिच्यातच तूर, मटकी, हुलगा पेरीत, तर काळ्या रानात परतीच्या पावसाची ओल धरून रब्बी ज्वारी घेत. बाजरी करपली तरी खोल मुळांची तूर तग धरी. ज्वारी कणसात भरली नाही तरी कडबा हाती येई आणि बैल जगले तर पुढची पेरणी सावकाराच्या दारी न जाता होऊ शके. ज्वारीच्या कडेने लावलेली करडई तेल तर देईच, शिवाय तिच्या काट्यांमुळे मोकाट गुरे पिकात शिरत नसत.

या व्यवस्थेचा खरा आधार पेव हा होता. कठीण, पाणी न पाझरणाऱ्या जमिनीत अरुंद तोंडाचा आणि रुंद पोटाचा खड्डा खणून, त्याला तळाशी व कडेने कडब्याचे अस्तर देऊन त्यात ज्वारी भरीत आणि तोंड दगड-मातीने लिंपून टाकीत. आत कोंडलेल्या धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपून कर्बवायू साचे, त्यामुळे किडीला जगणे कठीण होई आणि ज्वारी काही वर्षे टिके. हाच वायू माणसालाही घातक असल्याने पेव उघडून ठेवल्यावर आधी दिवा सोडून पाहत आणि मगच आत उतरत. कडेच्या दाण्यांना कुबट वास येई, ही तक्रार जुनीच आहे. तथापि साठ्यामुळे विक्रीची वेळ ठरवण्याची मुभा कुटुंबाकडे राही, आणि घरापुरत्या शेतीचा हाच सर्वांत मोठा लाभ म्हटला पाहिजे.

अर्थात हे सुवर्णयुग नव्हते. थॉमस कोट्स यांनी 1820 च्या सुमारास पुण्याजवळील लोणी गावाचे जे वर्णन केले, त्यातही बहुतेक कुणबी कर्जात असल्याची नोंद आहे. रोख सारा पेशवाईतही होता. मात्र 1836 मध्ये इंदापूर तालुक्यापासून लागू झालेल्या रयतवारी बंदोबस्ताने, म्हणजे प्रत्येक शेताचा सारा तीस वर्षांसाठी ठरवून तो थेट खातेदाराकडून घेण्याच्या पद्धतीने, पिकाच्या चढउताराशी साऱ्याचा संबंध सैल केला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861–65) कापसाबरोबर शेतमालाचे भाव चढले, जमिनीच्या तारणावर कर्ज सहज मिळू लागले, आणि भाव कोसळल्यावर ते कर्ज तेवढे मागे राहिले. मे 1875 मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उसळलेल्या दंग्यात शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या वह्या व कर्जरोख्यांवर होता. लगोलग 1876–78 चा दुष्काळ आला, आणि ज्यांचे धान्य आधीच कर्जापोटी गेले होते त्यांच्या हाती साठ्याचा आधार उरला नव्हता.

सावकारीला आळा घालण्यासाठी 1879 चा दख्खन शेतकरी मदत कायदा झाला, परंतु जमिनीची वाटणी त्याने थांबणारी नव्हती. हॅरॉल्ड मान यांनी 1917 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पिंपळे सौदागरच्या पाहणीनुसार तेथील सरासरी धारणा 1771 मध्ये सुमारे 40 एकर होती, ती 1915 पर्यंत 7 एकरांवर आली होती. एवढ्या रानात मिश्र पिके, बी आणि साठा यांचा मेळ बसणे अवघड होते. त्यामुळे तेथील अनेक घरांना खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या बाहेरच्या मजुरीची जोड घेणे भाग पडले.