दोष सोसणारे संगणक

नाशिकच्या इंदिरानगरातील शिक्षकमित्रांनी आम्हाला विचारले, 'फॉल्ट टॉलरंट'ला मराठीत काय म्हणावे? 'दोषसहिष्णू' म्हणावे, 'निर्दोष' नव्हे. सुटा भाग निकामी होणे हा दोष. सेवाच थांबणे हा बिघाड.

शेअरचा सौदा अर्धवट राहिला तर पैसे कुणाचे? म्हणून मुंबईत १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजार स्ट्रेटसच्या संगणकांवर सुरू झाला. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराने टँडेम निवडला. स्ट्रेटसमध्ये एका बोर्डावरचे दोन प्रोसेसर तेच गणित करतात. उत्तरे जुळली नाहीत, की तो बोर्ड बाजूला होतो आणि जोडीचा बोर्ड काम चालू ठेवतो. (प्रोग्रामच चुकीचा असेल तर मात्र सारे एकमताने चुकतात!) टँडेमने हा भार कार्यप्रणालीवर टाकला. चालू कामाची नोंद दुसऱ्या प्रोसेसरवरील राखीव जोडीदाराकडे जात राहते. पहिला प्रोसेसर बंद पडला, तर जोडीदार शेवटच्या नोंदीपासून ते काम पुढे नेतो.