मोडीत निघालेलं सोनं

कुंडल म्हणजे कानातला दागिना. या नावाचं गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे म्हटलं, की तिथे सोनारांची मोठी पेठ असेल असं परक्या माणसाला वाटून जातं. तसं काही नाही. लोककथा गावाचं जुनं नाव कौंडिण्यपूर सांगते, जैन यात्रेकरू डोंगरातल्या झरी पार्श्वनाथाला येतात, आणि उरलेल्या महाराष्ट्राला कुंडल ठाऊक आहे ते स्वातंत्र्यसैनिक जी. डी. बापू लाड आणि ब्रिटिशविरोधी प्रतिसरकारमुळे, नाहीतर कुस्तीच्या मैदानामुळे. सोन्याचा धागा सापडतो तो गावाच्या पूर्वेला, डोंगर चढून विट्याकडे गेल्यावर.

कुंडल बसलंय ते एका सीमारेषेवर. पश्चिमेला कृष्णेचं पाणी, ऊस, साखर कारखाना. पूर्वेला खानापूर, आटपाडी, त्यांच्या उत्तरेला माण: पाऊस चुकला की जमीन हात वर करते. कुंडल आणि आटपाडी दोन्ही एकेकाळी औंध संस्थानात होती, एकाच राजाची रयत. पण कृष्णाकाठच्या रयतेला गाव सोडायची वेळ क्वचित आली आणि माणदेशातल्या रयतेला ती वारंवार आली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधकरांनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाशेजारी, लोखंड ओतायला सुरुवात केली. लोखंडाची भट्टी अशी माणसांना जवळ बोलावत होती. सोन्याची भट्टी मात्र माणसांना लांब घेऊन गेली.

तो धंदा म्हणजे गलाई. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, शिवाय सातारच्या माण-खटावातली माणसं गेल्या काही पिढ्या देशभरातल्या सराफ बाजारांत जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करतात. केरळ, तमिळनाडू, आंध्र, उत्तर प्रदेश, बंगाल. जिथे सराफकट्टा आहे तिथे आसपासच्या बोळात एखादं मराठी आडनाव सापडतंच. गलाईवाल्याला सोनार समजू नये. सोनार दागिना घडवतो. गलाईवाला तो मोडतो.

दागिन्यांच्या इतिहासात मोडणाऱ्याचं नाव येत नाही. घडवणाऱ्यांचं थोडंफार येतं, विकणाऱ्यांचं तर भरपूर. सांगलीतच १८३२ साली सुरू झालेली गाडगीळांची पेढी १९५८मध्ये पुण्यात आली, आणि दाजीकाका गाडगीळांमुळे घरोघरी पोचली. आजचा स्टुडिओ चालवणारा दागिनेकार आपल्या कामावर सही करतो, प्रदर्शन मांडतो. पण त्याच्या टेबलावर येणारं सोनं खाणीतूनच आलेलं असतं असं नाही. कुणाच्या तरी आजीच्या पाटल्या, गोठ, तोडे त्यात असू शकतात. युरोप-अमेरिकेतले दागिनेकार हल्ली ‘पुनर्वापराचं सोनं’ असं अभिमानाने लिहितात. आपल्याकडे या मालाला साधं ‘मोड’ म्हणतात आणि त्याची कुणी जाहिरात करत नाही.

मोड का गाळावी लागते, हे दागिना हातात घेतला की कळतं. जुन्या कुडीचं फूल एका कसाचं, मळसूत्र दुसऱ्या कसाचं, जोडाला लावलेली झाळ त्याहून हलकी. पोकळ मण्यांत लाख भरलेली, खाचांत वर्षांचा मळ आणि तेल. काळ्या कसोटीच्या दगडावर रेघ ओढून अंदाज बांधता येतो, पण दगड सांगतो ते फक्त वरच्या कातडीचं. पोटातलं कळायला वितळवावंच लागतं. मग काढतात तो ‘टंच’, म्हणजे शंभरातलं खरं सोनं किती.

पुढचं काम वरवर पाहणाऱ्याला उलटं वाटेल. सोनं शुद्ध करायचं म्हणून त्यात आधी चांदी मिसळतात. बावीस कॅरेटच्या दहा ग्रॅम मोडीला साधारण सव्वीस-सत्तावीस ग्रॅम चांदी, म्हणजे सगळ्या गोळ्यात सोनं चौथा हिस्साच उरलं पाहिजे. सोनं याहून जास्त असेल तर ते चांदीला आपल्या कवेत धरून ठेवतं आणि तेजाब आत शिरत नाही. मुशीत टाकणखार घालून रस केला की तो पाण्यात बारीक धारेने ओततात. चुर्रर्र आवाज होऊन तळाशी वेडेवाकडे दाणे जमतात. ते दाणे शोऱ्याच्या तेजाबात उकळायचे. तांबूस-तपकिरी धूर निघतो, घशाला झोंबतो, छातीत बसतो. चांदी आणि तांबं विरघळून द्रावण हिरवट-निळं होतं. भांड्याच्या तळाशी जे उरतं ते पाहून नवख्याची निराशाच होईल: ओल्या मातीसारखी तपकिरी भुकटी. ना चमक, ना पिवळेपणा. धुऊन, वाळवून ती पुन्हा मुशीत गेली, की मग रंग परत येतो. दहा ग्रॅमचे नऊ ग्रॅम आणि वर थोडं. निळ्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की चांदीही खाली बसते. काहीच फुकट जात नाही, कामगाराची फुप्फुसं सोडली तर.

या धंद्याला लागणारं भांडवल म्हणजे नातं. पुतण्या चुलत्याच्या दुकानात जातो, भाचा मामाच्या. आधी झाडलोट, मग भट्टी, मग तराजू, आणि बऱ्याच वर्षांनी टंच. दरम्यान पोरगा मल्याळम किंवा तमिळ अशी बोलायला लागतो की गावी आल्यावर मराठीत अडखळतो. माणदेशात पक्के, दुमजली, कुलूपबंद बंगले दिसतात ते याच लोकांचे. जत्रेला ती कुलपं आठवडाभर उघडतात.

सरकारने या लोकांना दोन प्रकारे चांगलंच हलवलं. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली. चौदा कॅरेट म्हणजे शंभरात जेमतेम अठ्ठावन्न भाग सोनं. बावनकशीची भाषा बोलणाऱ्या समाजाला ते पितळच वाटलं. सोनारांचे ऐरण-हातोडे थंड पडले, आत्महत्या झाल्या. चौदा कॅरेटची अट १९६६मध्ये उठली, पण १९६८च्या कायद्याने सोनं गाळणाऱ्यालाही परवान्याच्या कागदात बांधलं. तो कायदा १९९०मध्ये रद्द झाला तेव्हा अर्थमंत्री होते राजापूरचे खासदार मधू दंडवते. गलाईवाल्यांच्या पोटापाण्यावर इतका थेट परिणाम करणारा निर्णय एका मराठी अर्थमंत्र्याच्या काळात व्हावा, याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

दुसरा जाच अजून चालू आहे. चोरीचा माल वितळला की त्याची ओळख पुसते, म्हणून पोलिसांची पहिली नजर भट्टीवर. चोरीचा माल घेतल्याचं भारतीय दंड विधानातलं कलम ४११ गलाईवाल्यांच्या घरात लहान पोरांनाही पाठ असायचं. २०२४पासून नव्या संहितेत त्याचा आकडा बदलला, धास्ती तीच. कुणी खरोखर चोरीचा माल घेतलाही असेल. पण गिऱ्हाइकाने आणलेली बांगडी कुणाच्या हातातली, हे मुशीला विचारता येत नाही, आणि परमुलखात जामीन राहायला गावचा माणूस लगेच मिळत नाही.

जून २०२१पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. एक्स-रेचं यंत्र न वितळवताही काही सेकंदांत टंचाचा अंदाज देतं. टेंभूचं पाणी कालव्यांनी माणदेशात शिरलं, तिथल्या शिवारांतही ऊस दिसू लागला. पोरांना आता मामाच्या भट्टीशिवाय दुसरे रस्तेही आहेत.

तरी कुठल्याही दागिनेकाराच्या खोलीत गेलं की या धंद्याची खूण पायाखालीच असते. कानशीने उडालेला कीस टेबलाखालच्या कातडी झोळीत पडतो, पण सगळा नाही. काही चपलेला चिकटतो, काही पायपुसण्यात जातो. रोजचा केर वेगळ्या डब्यात साठतो, आणि वर्षा-सहा महिन्यांनी झारेकरी येऊन तो घेऊन जातो: जाळायला, धुवायला, गाळायला. जुनी पेढी जागा बदलते तेव्हा तर लाकडी पाटही तासले जातात, फरशी उखडली जाते आणि खालची माती पोत्यांत भरून भट्टीकडे निघते.