पूर्वरूपाचा शोध : मधुमेह, मेद आणि रक्तातील निर्देशक

आयुर्वेदाच्या परंपरेत रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यांपैकी ‘निदान’ म्हणजे रोगाचे कारण. आजच्या मराठीत त्याच शब्दाने रोगनिश्चितीचा बोध होतो. अर्थ कारणावरून निर्णयाकडे सरकला आहे. ‘पूर्वरूप’ म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वी दिसणारे चिन्ह. हा शब्द मात्र व्यवहारातून जवळजवळ लोपला. त्याच्या जागी आज आपण ‘जोखीम’ म्हणतो. मौल्यवान ठेव आणि ती सांभाळण्याची जबाबदारी, असा त्या शब्दाचा जुना अर्थ. स्थूल माणसास पुढे मधुमेह होईल की नाही, हे त्याच्या रक्तावरून आधी सांगता येईल काय, हा सांप्रतच्या वैद्यकातील प्रश्न वस्तुतः पूर्वरूपाचाच प्रश्न होय. या शोधाचे स्थान इतिहासात दोनदा बदलले : मूत्रातून तो रक्तात आला, आणि रक्तातील साखरेवरून मेदाशी निगडित इतर द्रव्यांकडे वळला. परंतु ‘स्थूल कोणास म्हणावे’ हा प्रश्न त्याआधीचा आहे, आणि त्याच्या उत्तरात पुण्याजवळच्या सहा खेड्यांचा वाटा मोठा आहे. हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

‘मेह’ हा शब्द ‘मिह्’ धातूपासून आला. मूत्रविसर्जन आणि सिंचन हे त्या धातूचे अर्थ. ‘मेघ’ हा शब्दही परंपरेने याच धातूशी जोडला जातो. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार मानले आहेत : कफज दहा, पित्तज सहा आणि वातज चार, मधुमेह हा वातजांपैकी एक. केसांचा गुंता होणे, तोंडास गोडी येणे, हातापायांस बधिरता व दाह, मूत्राकडे मुंग्या धावणे ही त्याची पूर्वरूपे. याहून लक्षणीय गोष्ट अशी, की चरक प्रमेही दोन प्रकारचा सांगतो : एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बळ. सुश्रुतही सहज, म्हणजे जन्मजात, आणि अपथ्यामुळे झालेला असा भेद करून पहिला रोगी कृश व दुसरा स्थूल असतो असे म्हणतो. या भेदात आजचे वर्गीकरण वाचणे युक्त नव्हे. तथापि प्रमेहाचा रोगी स्थूलच असतो अशी समजूत येथे नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

पुढे मराठीत ‘प्रमेह’चे ‘परमा’ झाले आणि त्याचा अर्थ संकुचित होऊन तो गुप्तरोगापुरता उरला. ‘मधुमेह’ हे तत्सम रूप त्या वाटेने गेले नाही. ‘डायबेटीस’ या ग्रीक शब्दाचे मूळ ‘आरपार निघून जाणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. तोही मूत्राकडे पाहूनच योजलेला. इंग्लंडात टॉमस विलिस याने १६७४ साली मूत्राच्या गोडीची नोंद केली. १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन याने ही साखर रक्ताच्या द्रवातही असते हे दाखविले. ती मूत्रपिंडात निर्माण न होता रक्तातून तेथे येते, असा याचा अर्थ. रोगाचे स्थान तेव्हा बदलले, नाव मात्र बदलले नाही.

२

रक्तातील साखर मोजता येऊ लागल्यावर सीमारेषेचा प्रश्न उपस्थित झाला. उपाशीपोटी रक्तद्रवाच्या १०० मिलिलिटरमध्ये १२६ मिलिग्रॅम वा अधिक साखर आढळल्यास मधुमेह मानतात. अमेरिकी संकेतानुसार १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था; जागतिक आरोग्य संघटना तीच ११० पासून मानते. ग्लायकेटेड हीमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या रक्तकणांतील द्रव्यास चिकटलेली साखर, गेल्या दोनतीन महिन्यांचा सरासरी हिशेब देते. तिची मधुमेहाची सीमा ६.५ टक्के. सलग वाढत जाणाऱ्या राशीवर माणसाने ओढलेल्या या रेषा आहेत, म्हणून त्या स्थळकाळानुसार सरकतात. शिवाय लोहाच्या कमतरतेने शेवटचा आकडा फसवा होऊ शकतो. जेथे अशी कमतरता सर्रास आढळते, त्या देशात ही गोष्ट गौण नव्हे.

साखर वाढण्यापूर्वी काय घडते, हे कळण्यास दुसरे साधन लागले. रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास किरणोत्सर्गी पद्धतीने रक्तातील अत्यल्प इन्सुलिन मोजले. प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांत इन्सुलिन कमी नसून उलट अधिक आढळले; उणीव पुरवठ्याची नव्हे, तर शरीर त्यास दाद देत नाही ही होती. १९९४ साली लेप्टिनचा शोध लागला आणि मेद ही केवळ साठवण नसून रक्तात संदेशद्रव्ये सोडणारी ऊती आहे हे ठसले. या द्रव्याचे नाव ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ठेवले आहे. अडिपोनेक्टिन हे दुसरे द्रव्य मेद वाढला की रक्तात घटते, आणि ते कमी असलेल्यांत पुढे मधुमेह अधिक आढळतो.

पूर्वरूप या संज्ञेस खऱ्या अर्थाने पात्र ठरणारा पुरावा २०११ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथून आला. साखर प्रमाणात असलेल्या २,४२२ व्यक्तींवर बारा वर्षे लक्ष ठेवले गेले, आणि त्यांचे जुने, जपून ठेवलेले रक्त नंतर तपासले गेले. आयसोल्यूसिन, ल्यूसिन, व्हॅलिन, टायरोसिन आणि फेनिलअॅलनिन ही पाच अमिनो आम्ले भावी मधुमेहींत आधीपासूनच अधिक होती. मात्र ती मंडळी मुख्यतः युरोपीय वंशाची होती. त्यांच्यावरून काढलेले प्रमाण आपणास जसेच्या तसे लागू होईल काय?

३

येथे पुण्याच्या कामाचे महत्त्व स्पष्ट होते. उंचीच्या वर्गाने वजनास भागून स्थूलता ठरविण्याचे गणित बेल्जियमच्या केतले याने एकोणिसाव्या शतकात मांडले. त्यास ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ साली मिळाले. हा अंक वजन सांगतो, मेद सांगत नाही. २००४ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही अंक २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के.

याचे मूळ किती मागे जाते हे १९९३ साली सुरू झालेल्या, पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांच्या पोषणाच्या अभ्यासाने दाखविले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. या बालकांत स्नायू व पोट उणे, पण त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून राहिलेला. पुणे व लंडन येथील नवजातांच्या नाळेच्या रक्ताची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत पुण्याची बालके वजनाने कमी असूनही त्यांचे लेप्टिन लंडनच्या बालकांइतकेच आणि इन्सुलिन त्यांच्याहून अधिक आढळले. म्हणजे दिसण्यात कृश आणि रक्तात स्थूल अशी ही अवस्था जन्मापासूनची. ‘अंगाने भरलेला’ आणि ‘काटकुळा’ हे आपले शब्द डोळ्यांना दिसते तेवढेच सांगतात. येथे ते अपुरे पडतात. स्थूलतेची सीमा भारतीयांसाठी ३० वरून २५ वर आणण्याची शिफारस २००९ साली झाली ती याच जातीच्या पुराव्यांमुळे.

४

कांजूरमार्ग हे ज्या संस्थेचे जवळचे स्थानक, त्या पवईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. प्रमोद वांगीकर यांच्या गटाने हैदराबादच्या उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाच्या साहाय्याने केलेला अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. ५२ व्यक्तींच्या रक्तातील चयापचयद्रव्ये तपासली असता, निरोगी आणि मधुमेही यांच्यात २६ द्रव्यांचे प्रमाण भिन्न आढळले. ग्लुकोज व कोलेस्टेरॉल यांखेरीज काही अनपेक्षित द्रव्येही त्यांत होती. आपल्याच लोकांच्या रक्तावर असे काम होणे अगत्याचे होते. परंतु ज्यांना रोग झालेलाच आहे त्यांच्यात दिसणारा फरक हे रोगाचे रूप असू शकते. त्यास पूर्वरूप ठरविण्यासाठी निरोगी माणसांचे रक्त जपून ठेवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. पद्धतीतील हा भेद संशोधक विद्यार्थ्यांनी विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट खर्चाची. चेन्नईत २००५ साली मांडलेली जोखीम-गुणपद्धती वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आईवडिलांचा मधुमेह या चारांवरच उभी आहे. तिला रक्ताचा थेंबही लागत नाही. नव्या निर्देशकाने या साध्या फितीहून अधिक काही सांगितले, तरच त्याचे मोल. शिवाय आधी कळण्याचा उपयोग आहे, हेही सिद्ध झाले आहे : २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रयोगात आहार व व्यायाम यांच्या बळावर मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांत रोगाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. एवढ्या जनसमूहात केवळ लठ्ठ दिसणाऱ्यांचेच रक्त तपासावयाचे ठरविले, तर काटकुळे वाटणारे कितीतरी लोक निसटतील. म्हणून निर्देशक कोणता निवडावा याहूनही, तो कोणाच्या रक्तावर पारखला गेला आणि ‘स्थूल’ या शब्दाने कोणास आत घेतले व कोणास वगळले, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. संज्ञेची व्याख्या चुकली, तर मोजमाप कितीही सूक्ष्म असो, ते चुकीच्या माणसाचे होते.