पूर्वपक्ष

पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे जाणारा प्रवासी वसई स्टेशन मागे टाकतो, तेव्हा डाव्या हाताला, किल्ल्याच्या बाजूस, तर्खड नावाचे एक गाव राहून जाते. गाडीतल्या गर्दीत ते कोणाच्या ध्यानीमनी नसते. पण मराठी माणसाने इंग्रजी विद्या शिकून तिचा उपयोग नुसत्या नोकरीसाठी न करता वाद घालण्यासाठी केला, त्याचा एक आरंभ या गावाच्या नावाशी बांधलेला आहे. २०१४ सालच्या १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि वसई तालुका पालघर जिल्ह्यात आला. तेव्हा आता तर्खडकरांना पालघरकर म्हणावयास हरकत नाही!

तर्खडकर म्हटले की आपल्याला दादोबा पांडुरंग आठवतात. मराठीचे पाणिनी हे बिरुद त्यांना मिळाले ते १८३६ सालच्या व्याकरणामुळे. त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला, म्हणून तेही इतिहासात राहिले. या दोघांच्या मधला भाऊ मात्र बहुतेक विसरला गेला. भास्कर पांडुरंग त्याचे नाव. जन्म १८१६ चा, मृत्यू १८४७ चा. म्हणजे उणेपुरे एकतीस वर्षांचे आयुष्य. या तरुणाने १८४१ साली मुंबईच्या ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात ‘एक हिंदू’ या टोपणनावाने आठ पत्रे लिहिली. दादाभाई नौरोजी त्या वेळी सोळा वर्षांचे होते. संपत्तीच्या अपहाराचा सिद्धान्त त्यांच्या नावावर जमा व्हायला अजून पाव शतक अवकाश होता. इतिहाससंशोधक जे. व्ही. नाईक यांनी या पत्रांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले नसते, तर ती जुन्या फायलींतच वाळवीच्या स्वाधीन झाली असती.

या पत्रांत राग पुष्कळ आहे. मला त्यांचे महत्त्व वाटते ते रागासाठी नव्हे. राग कोणालाही येतो. भास्कर पांडुरंगांनी जे केले ते असे: इंग्रजांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा त्यांनी आधी हाती घेतला. तो मुद्दा कोणता? पेंढारी, रामोशी, भिल्ल यांच्या लुटीतून आम्ही तुम्हांला सोडवले, रस्ते निर्धास्त केले, कायदा आणला. आपल्या वाडवडिलांनी पेशवाईच्या अखेरची धामधूम डोळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, आणि भास्कररावांनी तो पोकळ आहे असे म्हटलेही नाही. त्यांनी हिशेब मांडला. तुमच्या व्यापाराच्या रीतीने थोड्या वर्षांत आमचे खिसे जेवढे रिकामे केले, तेवढे या लुटारूंना पाच-सहाशे वर्षांतही साधले नसते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे लूट थांबली हे कबूल. आता लुटीची व्याख्या काय ते ठरवू या! प्रतिपक्षाच्याच मापाने प्रतिपक्षाला मोजण्याची ही युक्ती पंचवीस वर्षांच्या तरुणाला कोठून सुचली असेल?

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधून, असे उत्तर सहज देता येते आणि ते बरेचसे खरे आहे. बाळशास्त्री जांभेकर तेथे शिकवीत होते. इतिहास, गणित, अर्थशास्त्र यांच्या अभ्यासाने मुंबईतल्या पोरांना एक नवीच सवय लागली होती. कोणी काही विधान केले की ‘कशावरून?’ असे विचारायचे. पुढे १८४८ साली प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने विद्यार्थ्यांनी आपली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. तिच्या सभांत एकाने निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर चर्चा करायची. वाचलेल्या निबंधांतून कृती निघाली, ही या मंडळींची थोरवी. १८४९ मध्ये याच तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या, आणि प्रारंभी स्वतःच जाऊन शिकवले. भाऊ दाजी लाडांनी काठेवाड-कच्छातील बालिकाहत्येवर बक्षिसाचा निबंध लिहिला तोही याच सुमाराचा, १८४७ चा. निबंध हा तेव्हा परीक्षेच्या गुणांचा विषय झालेला नव्हता.

तथापि ते उत्तर पुरे नाही. आपल्याकडच्या शास्त्र्यांना वाद घालणे इंग्रजांनी शिकवले नाही. न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा अशी तीन नावे केव्हाच देऊन ठेवली आहेत. सत्य शोधण्यासाठी बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे नुसते पाडतात ती वितंडा. कोणताही भाष्यकार आधी पूर्वपक्ष मांडतो, म्हणजे ज्याचे खंडन करायचे त्याचे म्हणणे त्याच्याहूनही नीट शब्दांत सांगतो, आणि मग सिद्धान्ताकडे वळतो. कॉलेजाने नवे काय दिले, तर विषय. ब्रह्म आणि माया यांच्यावर चालणारी ही कवाईत आता मीठ, कापूस, जकात, विधवा आणि सरकार यांच्यावर चालू लागली. आणि तेथेच अडचण सुरू झाली.

ही अडचण कोणती ते न्यायमूर्ती रानड्यांच्या विद्यार्थिदशेतल्या एका प्रसंगावरून चांगले कळते. माधवराव १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकमध्ये उत्तीर्ण झालेले, १८६२ साली मुंबई विद्यापीठातून बी.ए. झालेल्या पहिल्या चौघांतले एक. भांडारकर, मोडक आणि वागळे हे दुसरे तिघे. एल्फिन्स्टन कॉलेजात इतिहासाचे अध्यापक सर अलेक्झांडर ग्रँट होते. पुढे तेच प्रिन्सिपॉल झाले. हा साधासुधा गृहस्थ नव्हे. ऑक्सफर्डचा विद्वान, अरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राची सटीक आवृत्ती काढलेला. त्याने तरुणांना तुलना करायला शिकवले, आणि रानड्यांनी तुलना केली! मराठ्यांचे राज्य आणि इंग्रजांचे राज्य यांची तुलना करणारा निबंध त्यांनी लिहिला आणि तीत इंग्रजी राज्य उणे ठरले. चरित्रकार सांगतात की ग्रँटसाहेबांनी त्यांना बोलावून घेतले, जे सरकार तुला शिकवते आहे त्याचीच अशी निंदा करू नये असे समजावले, आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली.

ग्रँटला खलपुरुष ठरवण्याचा माझा इरादा नाही. १८५७ ला चार-पाच वर्षेच उलटली होती, आणि रानड्यांविषयी त्याला आदर होता हेही चरित्रांतून दिसते. रानड्यांनीही त्याच्याविषयी कटू शब्द काढला नाही. पण अध्यापक म्हणून त्याच्या हातून काय राहिले ते पाहण्यासारखे आहे. निबंध चुकीचा होता असे समजू. मराठी राज्यातल्या चौथाईचा, मुलूखगिरीचा, सवाई माधवरावांनंतरच्या बेबंदशाहीचा विचार त्या तरुणाने पुरेसा केला नसेल, असेही समजू. मग समासात तसे लिहायचे होते. सहा महिन्यांची शाई खर्च करायची होती. त्याऐवजी सहा महिन्यांची शिष्यवृत्ती कापली गेली, आणि युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर देण्याची पाळी आली तेव्हा अरिस्टॉटलचा टीकाकार वर्गाबाहेर निघून गेला व त्याच्या खुर्चीत सरकारी अधिकारी येऊन बसला.

मौज अशी की तो निबंध संपलाच नाही. १९०० साली, मृत्यूच्या केवळ काही महिने आधी, रानड्यांचे ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ग्रँट डफने मराठ्यांच्या उदयाला सह्याद्रीतल्या अकस्मात पेटलेल्या वणव्याची उपमा दिली होती. त्याला हे उत्तर होते: वणवा नव्हे, संतांनी आणि सामान्य लोकांनी आधी मशागत केलेल्या जमिनीत उगवलेले ते राज्य होते. आडनाव दुसऱ्या ग्रँटचे, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या ग्रँटलाही ते लागू पडावे! फरक एवढाच की आता पूर्वपक्ष सविस्तर मांडलेला होता, आणि मराठ्यांच्या उणिवाही झाकलेल्या नव्हत्या.

सरकारनेच काय ते तोंड दाबले असे मात्र कोणी समजू नये. आपल्या लोकांचा हात या कामी हलका नव्हता. आगरकरांनी ‘सुधारका’त युक्तिवाद केले, तेव्हा पुणेकरांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. रानड्यांना पंचहौद मिशनमधल्या चहापायी प्रायश्चित्त घ्यावे लागले. मुद्दा खोडता आला नाही की माणूस वाळीत टाकायचा, हे शास्त्र आम्ही इंग्रजांपासून शिकलो नाही.

आगरकर ज्या फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते, त्याच कॉलेजात पुढे पालघरच्या बाजूचा एक मुलगा तत्त्वज्ञान शिकावयास गेला. शंकर वामन दांडेकर, म्हणजे सोनोपंत, हे केळवे-माहीमचे. जन्म १८९६ चा. फर्ग्युसनात त्यांना रा. द. रानडे गुरू लाभले, आणि परमार्थात विष्णुबुवा जोग. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व नंतर प्राचार्य झाले. सकाळी वर्गात प्लेटो आणि संध्याकाळी वीणा-मृदंगाच्या साथीने कीर्तन, असा त्यांचा दिनक्रम पुण्याने वर्षानुवर्षे पाहिला. आगरकरांच्या नास्तिक्याची आणि सोनोपंतांच्या वारीची गाठ एका कॉलेजच्या इतिहासात पडावी हे मला मुळीच विसंगत वाटत नाही. सोनोपंतांनी ज्ञानदेव आणि प्लेटो यांच्यावर ग्रंथ लिहिला. ज्या ज्ञानदेवांना आपण केवळ माउली म्हणून हात जोडतो, त्यांच्या ‘अनुभवामृता’तले सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे. अज्ञान नावाची वस्तू मानणाऱ्याची एकेक वाट अडवीत ते जाते. भक्ताला तर्क वर्ज्य असता तर हे प्रकरण लिहिलेच गेले नसते. सोनोपंत १९६८ साली वारले. पालघरच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे.

या महाविद्यालयात आज जी मुले येतात त्यांतली कित्येक घरातली पहिली पदवीधर असतात. डहाणू-तलासरीकडची वारली, सातपाटी-वडराईची कोळी-मांगेल्यांची, केळवे-माहीमच्या वाडवळांची, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगारांची. त्यांनाही निबंध लिहावा लागतो. विज्ञान शाप की वरदान, हा निबंध गाइडात छापलेला असतो आणि त्याचे उत्तर ‘दोन्ही’ असे असते. भास्कर पांडुरंगांना हा विषय दिला असता तर त्यांनी काय लिहिले असते कोण जाणे! पण तारापूरच्या मुलाला शाप-वरदान शोधायला दूर जावे लागत नाही. अणुवीजकेंद्र १९६९ पासून त्याच्या गावच्या किनाऱ्यावर उभे आहे, आणि त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली.

त्याहून ताजा विषय वाढवणचा. डहाणूजवळच्या या किनाऱ्यावर मोठे बंदर करण्याची कल्पना १९९० च्या दशकातली. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये ती अडवली. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,००० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरात भूमिपूजन झाले. एकाच प्राधिकरणाचे पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन उलट निर्णय! तर्कशास्त्राच्या तासाला याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकात सापडेल? दोन्ही निर्णयपत्रे समोर ठेवावीत आणि मुलांना विचारावे, मधल्या काळात काय बदलले; समुद्र, कायदा, पुरावा की पुराव्याची मापे?

वाढवण-वरोरच्या एखाद्या मुलीला हा निबंध लिहायला बसवले, तर तिचे घर सिद्धान्तपक्षात आहे हे उघडच आहे. बापाची होडी, आईची मासळीची टोपली, शेजारच्या ओटीवर दागिन्यांच्या डाय कोरणारा काका, बंदराविरुद्धच्या मोर्चात पाहिलेले काळे झेंडे. एवढे सगळे तिच्या लेखणीच्या टोकाशी येऊन थांबलेले असणार. तरी पहिले पान तिने बंदराच्या बाजूने लिहावे. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर वीस मीटरची नैसर्गिक खोली मिळते, ती फार थोड्या बंदरांत मिळते. अवाढव्य जहाजे आज कोलंबो-सिंगापूरकडे वळतात. बारावीनंतर गावातली पोरे बोईसरच्या कारखान्यांच्या फाटकाशी उभी असतात. हे सगळे तिने असे लिहावे की बंदराच्या अधिकाऱ्याने वाचून मान डोलवावी. मग पान उलटावे, आणि पापलेट कोणत्या महिन्यात कोणत्या खडकांपाशी येते ते बापाला विचारून लिहायला सुरुवात करावी.